न जन्मलेल्यांचे बारसे: विज्ञानकथा आणि अद्भुतकथेतील नावे कशी घडवावीत

मराठीत विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा लिहायला बसलेला नवा लेखक पुष्कळदा पहिल्याच पानावर नावापाशी अडतो. कथा तेविसाव्या शतकातली असेल तर नायकाला ‘सुरेश’ म्हणणे त्याला खटकते, आणि ‘झोरॅक्स’ म्हटले तर तो माणूस कोणत्याच घरात जन्मल्यासारखा वाटत नाही. मग काही अक्षरे उलटसुलट करून, मध्ये एखादे जोडाक्षर घालून नाव बनवले जाते आणि ते कथेच्या शेवटपर्यंत पात्राला चिकटत नाही. या लेखाचे सांगणे एकच आहे: नाव शोधण्याआधी नाव ठेवण्याची रीत शोधावी. मुलाला नाव कोण देतो, केव्हा देतो, कशावरून देतो आणि पुढे ते नाव कोण कोणत्या रूपात उच्चारतो, हे एकदा ठरले की नावे सुचू लागतात आणि एकाच समाजातील नावांमध्ये घराण्यासारखे साम्य दिसू लागते.

उदाहरणासाठी पुढे एक काल्पनिक वसाहत वापरली आहे. साल साधारण २३४०, स्थळ मंगळ, आणि वस्ती महाराष्ट्रातून व इतर देशांतून सात-आठ पिढ्यांपूर्वी तेथे गेलेल्या लोकांची. वसाहत ‘लोणार’ या विवराजवळ आहे, आणि हे नाव कल्पित नाही. मंगळावरील लहान विवरांना पृथ्वीवरील लहान गावांची नावे द्यावीत, असा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा संकेत आहे आणि त्यानुसार बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे नाव मंगळावरील एका विवराला मिळालेले आहे. नावे घडवणाऱ्याने कल्पनेकडे वळण्याआधी अशी खरी, तयार सामग्री धुंडाळावी, कारण तिच्यामुळे पुढचे सगळे काम सोपे होते.

पहिली पायरी: नाव ठेवण्याची रीत ठरवावी

आपल्या अवतीभवती किती रीती आहेत हे आधी नीट पाहावे. बाराव्या दिवशी बारसे होते, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, आणि त्याखेरीज जन्मनक्षत्रावरून काढलेले नावरस नाव पत्रिकेत वेगळेच असते. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर, अशी एकशे आठ अक्षरांची ती पद्धत आहे. अश्विनीच्या चार चरणांना चू, चे, चो, ला ही अक्षरे येतात. दुसरीकडे अनेक आदिवासी पाड्यांवर जन्मवारावरून सोम्या, मंगळ्या, बुध्या अशी नावे ठेवली जातात. हीच कल्पना हजारो मैल दूर, घानामधील अकान समाजातही आढळते. तेथे शुक्रवारी जन्मलेला मुलगा ‘कोफी’ होतो, आणि संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचे नाव त्याच रीतीने आलेले आहे.

काही नावे भीतीतून येतात. आधीची मुले दगावलेल्या घरात नंतरच्या मुलाला दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी म्हणत, म्हणजे दृष्ट लागण्याजोगे त्याच्यात काही नाही असे नियतीला सांगण्याचा तो प्रयत्न होता. काही नावे त्याहून कठोर असतात. मुलगाच हवा असलेल्या घरांनी मुलींना ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ असे नाव दिले, आणि २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८० हून अधिक मुलींचे नव्याने नामकरण करावे लागले. कथालेखकाने हे उदाहरण मनात पक्के ठेवावे, कारण एका नावातून त्या समाजाला कशाची आस आहे आणि कशाचे भय आहे हे वाचकाला एका ओळीत कळू शकते.

आता ही रीत कल्पित जगात नेऊन पाहावी. समजा, मंगळावरील काही कुटुंबांनी नावरस नावाची परंपरा चालू ठेवली. पृथ्वीवर चंद्राला सत्तावीस नक्षत्रांतून एक फेरी पूर्ण करायला साधारण सव्वासत्तावीस दिवस लागतात, म्हणून एक नक्षत्र जवळजवळ दिवसभर टिकते. मंगळाचा उपग्रह फोबॉस मात्र सात तास एकोणचाळीस मिनिटांत एक प्रदक्षिणा घालतो, म्हणजे त्याला एक नक्षत्र ओलांडायला सुमारे सतरा मिनिटे लागतील आणि एक चरण चार-सव्वाचार मिनिटांत संपेल. दुसरा उपग्रह डायमॉस तीस तासांहून थोडा अधिक वेळ घेतो, त्याचे नक्षत्र तासाभराहून किंचित जास्त चालेल. येथे दोन पक्ष संभवतात: फोबॉस मानणारे आणि डायमॉस मानणारे. पहिल्या पक्षात प्रसूतीच्या वेळी घड्याळ घेऊन बसणारी व्यक्ती मानाची ठरेल आणि दहा मिनिटांच्या अंतराने जन्मलेल्या जुळ्यांची आद्याक्षरे वेगळी असतील. दुसऱ्या पक्षात चरण सुमारे सतरा मिनिटे टिकत असल्याने जुळ्यांना एकच अक्षर मिळूही शकेल. नाव अजून एकही ठरलेले नाही, तरी दोन कुटुंबांतील भांडण, एक व्यवसाय आणि एका जुळ्यांच्या जोडीची कथा हाती आली. रीतीपासून सुरुवात करण्याचा लाभ हा आहे.

नव्या लेखकाने या पायरीवर आपल्या कल्पित समाजासाठी अर्धे पान लिहावे. त्यात नाव कोण देतो, केव्हा देतो, नाव आयुष्यात बदलते का, मेलेल्या आजोबांचे नाव नातवाला देतात की तेच नाव टाळतात, आणि नाव उच्चारण्यावर कोणते निर्बंध आहेत, एवढे तरी असावे.

दुसरी पायरी: पूर्ण नावाचे भाग ठरवावेत

महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन भागांची मांडणी इतकी सवयीची झाली आहे की ती कालातीत वाटते, पण तशी ती नाही. दोन हजार वर्षांपूर्वी याच भूमीवरील सातवाहन राजे आईच्या नावावरून ओळखले जात: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात गौतमी बलश्री आपल्या पुत्राचा गौरव करताना दिसते. आणि अगदी अलीकडे, १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. त्यामुळे नजीकच्या भविष्यावर लिहिणाऱ्याला एक ठोस खूण मिळते. २०७० साली शेहेचाळिसाव्या वर्षात असलेल्या आणि महाराष्ट्रात जन्मलेल्या पात्राचे कागदोपत्री नाव चार भागांचे असायला हवे, ‘अर्णव रेवती संदेश मोरे’ अशा प्रकारचे. तीन भागांचे लिहिले तर ते का, याचे उत्तर लेखकाजवळ असावे.

आडनावांची खाण तर फारच मोठी आहे. गावाला ‘कर’ जोडला की आडनाव होते, आणि हा प्रत्यय आजही जिवंत असल्यामुळे मंगळावरचा ‘लोणारकर’ वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. हुद्द्यावरून आलेली आडनावे आणखी उपयोगी पडतात. कुलकर्णी, देशमुख, पाटील यांच्या जोडीला फडणीस, चिटणीस, पोतनीस ही आडनावे आहेत, आणि त्यांतील ‘नीस’ हा फारसीतील लिहिणारा या अर्थाच्या ‘नवीस’चा मराठी अवतार आहे. राज्यकारभाराची भाषा बदलली, दप्तरे बंद झाली, हुद्दे गेले, तरी आडनावे उरली. पारशी समाजात इंग्रजी अमदानीतील व्यवसाय असेच आडनावात गोठले: इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टर, मर्चंट, बाटलीवाला. म्हणून लेखकाने विचारावे की आपल्या जगात कोणते काम इतके महत्त्वाचे आहे की ते करणाऱ्याचे वंशज त्याच नावाने ओळखले जातील. बंद घुमटात राहणाऱ्या वस्तीत हवेचा हिशेब ठेवणारा अधिकारी सर्वांत मोठा असेल, आणि त्याच्या घराण्याचे आडनाव ‘हवानीस’ होऊ शकेल. घुमटाची दुरुस्ती करणारे ‘घुमटे’, भुयारे खणणारे ‘बोगदे’. ही तिन्ही आडनावे नवी आहेत, तरी त्यांची चाल आपल्या ओळखीची आहे.

येथे एक गंभीर गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मराठी आडनाव वाचताच वाचक जात, प्रदेश आणि पुष्कळदा आर्थिक स्थितीही तर्काने ठरवतो. तीनशे वर्षांनंतरच्या यानाचा कप्तान, मुख्य शास्त्रज्ञ आणि वैद्य या सर्वांची आडनावे एका लहानशा समाजाची असतील आणि यंत्रे पुसणाऱ्यांची दुसऱ्या समाजाची, तर लेखकाने नकळत आजची उतरंड भविष्यात पाठवलेली असते. ती उतरंड टिकली असे दाखवणे हा कथेचा विषय असू शकतो, पण मग ते जाणून-बुजून आणि उघडपणे करावे. त्याचप्रमाणे, अद्भुतकथेतील ‘रानटी’ टोळीला वारली, भिल्ल किंवा कोरकू नावांशी मिळतीजुळती नावे देण्याची सवय पूर्णपणे सोडावी. ती नावे आज जिवंत माणसांची आहेत आणि ती माणसे आपले वाचकही आहेत.

तिसरी पायरी: नावाचे वय मोजावे

नावांना पिढी असते. सुधाकर, प्रभाकर, शशिकला ही नावे ऐकताच एक वयोगट डोळ्यांसमोर येतो, संदीप, योगेश, अमोल ऐकले की दुसरा, आणि आरव, विहान, अनाया, काव्या ऐकले की बालवाडी. भविष्यकथा लिहिणारे पुष्कळ लेखक येथे घसरतात: तरुण नायकाला ते आजच्या बाळांचे नाव देतात आणि त्याच्या आजीला ‘सरस्वती’ ठेवतात. कथा २०९५ सालची असेल तर आजीचे नाव अनाया किंवा काव्या असायला हवे आणि कोपऱ्यात काठी टेकून बसलेले आजोबा ‘आरव’ असायला हवेत. ‘आरव आजोबा’ हे दोन शब्द शेजारी ठेवले की काळ किती पुढे गेला हे वेगळे सांगावे लागत नाही. नातवंडांची नावे मात्र आज ऐकू न येणारी असावीत. जुनी, टाकलेली नावे पुन्हा परतू शकतात, म्हणून २०९५ मधील तरुणी ‘गोदावरी’ असणे मला पूर्णपणे पटते.

कथा शतकानुशतके पुढे गेली की फॅशनपेक्षा झीज महत्त्वाची ठरते. झीज मनाला येईल तशी होत नाही, तिला वळण असते. प्रतिष्ठानचे पैठण झाले, शूर्पारकाचे सोपारा झाले, भोगवर्धनाचे भोकरदन झाले, करहाटकाचे कराड झाले. या बदलांत काही सूत्रे दिसतात: आरंभीचे जोडाक्षर सुटे होते, दोन स्वरांमधील व्यंजन गळते किंवा मऊ पडते, आणि लांब शब्द दोन-तीन अक्षरांवर येतो. हीच सूत्रे आपल्या कल्पित स्थळांना लावावीत. पहिल्या यानातील लोकांनी वस्तीला हौसेने ‘प्रभातनगर’ म्हटले असेल तर ‘प्र’चा ‘प’ होईल, ‘भ’चा ‘ह’ होईल, ‘त’ गळेल, आणि संगमनेर, जामनेर यांच्या धाटणीवर ‘नगर’चे ‘नेर’ होऊन आठव्या पिढीत ‘पहानेर’ उरेल. खऱ्या भाषेत एवढ्या झिजेला पुष्कळ अधिक काळ लागतो, पण एकाकी पडलेल्या वस्तीत हे वेगाने घडले असे मानण्याची मुभा लेखकाला आहे. जुन्या फलकावर ‘प्रभातनगर’ आणि माणसांच्या तोंडी ‘पहानेर’ अशी दोन्ही रूपे कथेत येऊ द्यावीत, म्हणजे वस्तीला इतिहास मिळतो.

माणसांच्या नावांचेही तसेच आहे. जुन्या कागदपत्रांत केशवचा ‘केसो’ आणि माधवचा ‘माधो’ झालेला आढळतो, शेवटच्या ‘अव’चा ‘ओ’ होतो. हाच न्याय आजच्या आवडत्या नावांना लावला तर आरवचा ‘आरो’ आणि अर्णवचा ‘अर्णो’ होईल, त्यापुढे आदराचा ‘बा’ लागला की ‘आरोबा’. मुक्ताई, जनाई यांच्याप्रमाणे काव्याची ‘कावाई’ होईल. बंद पडलेले प्रत्ययही हाताशी असावेत. तेराव्या शतकातील महानुभाव वाङ्मयात महदाइसा, उमाइसा, आउसा अशी स्त्रियांची नावे येतात. हा ‘इसा’ आज कोणी वापरत नाही, पण कानाला तो परका लागत नाही. मराठीची छाया असलेल्या कल्पित राज्यातील राण्यांना ‘रेवाइसा’, ‘नीलाइसा’ अशी नावे दिली तर आपलेपणा आणि अंतर दोन्ही साधतात.

चौथी पायरी: दोन समाज भेटतात तेथे नावे मिसळू द्यावीत

दोन जमाती शेजारी नांदतात, पण त्यांची नावे एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत, अशी जगे कागदी वाटतात. प्रत्यक्षात नावे सर्वांत आधी सरमिसळ होतात. पश्चिम भारतावर राज्य केलेल्या शक क्षत्रपांची वंशावळ पाहावी: घ्सामोतिक, त्याचा मुलगा चष्टन, त्याचा मुलगा जयदामन आणि त्याचा मुलगा रुद्रदामन. पहिली दोन नावे स्पष्टपणे बाहेरची आहेत, पुढची दोन संस्कृत वळणाची. क्षहरात या दुसऱ्या क्षत्रप घराण्यातील राजा नहपान याच्या मुलीचे नाव तर ‘दक्षमित्रा’ होते. एका घराण्याने दोन-तीन पिढ्यांत भूमी आपली मानली, याची ही केवळ नावांतून दिसणारी नोंद आहे.

कोकणातील बेने इस्राएल समाजाचे उदाहरण याहून जवळचे आणि वसाहतकथांसाठी अधिक उपयोगी आहे. समुद्रमार्गे आल्याची परंपरा सांगणाऱ्या या ज्यू समाजाने बायबलमधील नावे सोडली नाहीत, पण त्यांना मराठी चाल दिली. सॅम्युएलचा ‘समाजी’ झाला, इझिकेलचा ‘हसाजी’ झाला, आणि आडनावे गावांवरून पेणकर, किहीमकर, रोहेकर अशी झाली. १७९६ साली मुंबईत सिनेगॉग उभारणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे समाजी हसाजी दिवेकर म्हणूनही ओळखले जात. मुळाचे नाव, देशी प्रत्यय आणि नव्या भूमीचे आडनाव या तीन थरांची मांडणी कोणत्याही ग्रहावर जशीच्या तशी वापरता येते. आपल्या मंगळवस्तीत घानाहून आलेल्या कुटुंबातील मुलगा चार पिढ्यांनंतर ‘कोफोजी लोणारकर’ म्हणून वावरू शकतो, आणि त्याच्या शेजारच्या मराठी घराने शुक्रवारी जन्मलेल्या मुलाला ‘कोफी’ म्हणायला सुरुवात केलेली असू शकते.

मराठीने परक्या शब्दाला ‘जी’ लावून त्याला घरात घेण्याचे काम पूर्वीही केले आहे. मालोजी भोसले यांनी शाह शरीफ या पिराच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. १६६० साली चाकणचा किल्ला लढवणाऱ्या किल्लेदाराचे नाव होते फिरंगोजी नरसाळा. ज्या भाषेने ‘फिरंग’ला ‘जी’ लावला ती यंत्रमानवालाही लावील, असे मानायला हरकत नाही.

पाचवी पायरी: जेथे मराठीचा संबंधच नाही

काही कथांत पृथ्वीच नसते, किंवा पात्रे माणसे नसतात. तेथे आधी ध्वनींची यादी करावी. एखाद्या समाजाच्या भाषेत कोणती व्यंजने आहेत त्यापेक्षा कोणती नाहीत हे ठरवणे अधिक फलदायी असते. हवाई बेटांच्या भाषेत फक्त आठ व्यंजने आहेत आणि प्रत्येक अक्षर स्वरातच संपते, म्हणून तेथील नावे ऐकताच ओळखू येतात. आपणही एका जमातीला महाप्राण नाकारावेत, म्हणजे ख, घ, थ, ध, भ तिच्या नावांत कधीच येणार नाहीत, आणि दुसऱ्या जमातीला ओठांनी उच्चारायचे ध्वनी नाकारावेत, कारण तिला ओठच नाहीत. वाचक नियम ओळखणार नाही, पण ‘तेलुन’, ‘सारिन’, ‘ओकेल’ ही नावे एका घरची आणि ‘धरीघ’, ‘खेथ’ ही दुसऱ्या घरची, हे त्याला जाणवेल.

मराठीत ‘ण’ आणि ‘ळ’ शब्दाच्या आरंभी येत नाहीत. त्यामुळे ‘ळेवू’ किंवा ‘णारी’ असे नाव मानवेतर पात्राला दिले की मराठी कानाला ते तत्काळ परके लागते, आणि तरीही ते उच्चारता येते. हे साधन जपून वापरावे, सबंध कथेत एकाच जमातीसाठी.

खलनायकाला ‘ख्राग’, ‘घ्रूम’ अशी कर्कश नावे आणि चांगल्यांना मृदू नावे देण्याची प्रथा मला मान्य नाही. कोणतीही आई मूल दुष्ट होणार म्हणून नाव ठेवत नाही. पुण्यावर चालून आलेल्या सरदाराचा ‘शायिस्ता’ हा किताबसुद्धा किती मऊ आहे, आणि गावोगावचे दगडू किती सौम्य असतात, हे आठवावे.

सहावी पायरी: नाव मराठी वाक्यात चालवून पाहावे

नवख्यांसाठीच्या या लेखातील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, कारण परभाषांतील मार्गदर्शनात ती मिळत नाही. मराठीत नाव एकटे क्वचितच उभे राहते, त्याला ने, ला, चा, कडे, वर लागतात आणि सामान्यरूप होते, म्हणजे प्रत्ययाआधी नावाचे रूप बदलते. आइसलँडमध्ये १९९१ पासून एक नामसमिती आहे, आणि नवे नाव स्वीकारताना त्याला तेथील भाषेचा षष्ठीचा प्रत्यय लागू शकतो का, हे ती पाहते. मराठी लेखकाने आपल्या टेबलाशी अशीच समिती बसवावी.

प्रत्येक नाव पाच-सहा प्रत्ययांसह लिहून मोठ्याने वाचावे. ‘किर’ हा पुरुष आणि ‘किरा’ ही स्त्री एकाच कथेत असतील, तर जुन्या वळणाने लिहिलेले ‘किराला’ कोणाला, हे कळणार नाही. ‘मिरला’ असे नाव ठेवले तर वाचक त्यातला ‘ला’ प्रत्यय समजून ‘मिर’ नावाचे पात्र शोधू लागतो. शेवटी ने, ला, चा, ची, त असलेली नावे म्हणून टाळावीत. ‘गणेशने’ की ‘गणेशाने’, ‘सीताला’ की ‘सीतेला’, यांपैकी एक वळण निवडून ते शेवटपर्यंत पाळावे.

सामान्यरूपाचा एक सुंदर उपयोगही आहे. आपण ‘पुण्यात’, ‘साताऱ्याला’, ‘ठाण्याहून’ म्हणतो, पण ‘टोकियोमध्ये’ म्हणतो. घरच्या गावाचे नाव प्रत्ययापुढे वाकते, परके नाव बहुधा ताठ राहते. निवेदक ‘झरवडे’ या गावाबद्दल ‘झरवड्याहून’ लिहितो आणि ‘केल्थ’ या शहराबद्दल ‘केल्थमधून’ लिहितो, तेव्हा त्याचे घर कोणते हे त्याने न सांगता सांगितलेले असते. पात्र वीस वर्षे परक्या शहरात राहिल्यानंतर त्या शहराचे नाव त्याच्या तोंडी वाकू लागले, असेही दाखवता येईल.

देवनागरीत मोठी आणि लहान लिपी नसते, म्हणून नाव हे नाव आहे हे अक्षरांवरून कळत नाही. ‘वळण’, ‘साय’, ‘पण’, ‘मग’ असे रोजचे शब्द पात्राला दिले तर प्रत्येक वाक्यात वाचक अडखळतो. नावाच्या मध्ये अपोस्ट्रॉफी घालण्याची परकी युक्ती देवनागरीत निरर्थक आहे, तिचा उच्चारच होत नाही. च, ज, झ यांचे दोन उच्चार आहेत हेही ध्यानात ठेवावे: ‘जरन’ मधला ‘ज’ जगातला की जयातला, हे वाचकाला ठरवता येत नाही. ‘जेरन’ किंवा ‘जिरन’ लिहिले की शंका उरत नाही.

लिंगाचा प्रश्न मराठीत टाळता येत नाही, कारण क्रियापदच ते उघड करते. लिंगच नसलेल्या प्राण्यासाठी ‘ते आले’ असे नपुंसकलिंग लिहिले तर तेच रूप आदरार्थी पुल्लिंगाचेही असते. ‘ळेवू आले’ यात एक प्राणी आला की मान्यवर पुरुष, हे संदर्भावर सोडावे लागते. काही लेखक अशा पात्राला कायम आदरार्थी बहुवचन देतात, आणि मला तो मार्ग अधिक सन्मानाचा वाटतो. तो निवडला तर त्या जमातीत एकेरी संबोधन नसतेच, असे आधीच ठरवून टाकावे.

सातवी पायरी: हाक, उखाणा आणि नोंदवही

कथेत पूर्ण नाव दोन-तीनदा येते, हाक शेकडो वेळा येते. म्हणून गणेशचा ‘गण्या’ आणि दत्तात्रयाचा ‘दत्तू’ होतो तसे प्रत्येक मुख्य नावाचे घरगुती रूप ठरवावे, आणि ते रूप वापरण्याचा अधिकार कोणाला आहे हेही ठरवावे. राव, पंत, शेट, बाई, ताई हे आपले प्रत्यय व्यवसाय, वय आणि नाते दाखवतात, कल्पित समाजातही त्यांच्यासारखे दोन-तीन प्रत्यय पुरेसे होतात. एकाच नावाची दोन माणसे असतील तर आपली परंपरा आकडे देत नाही, ती थोरले माधवराव आणि सवाई माधवराव म्हणते. संगणकीय बुद्धीच्या आवृत्त्यांना ‘इरा-१’, ‘इरा-२’ म्हणण्याऐवजी ‘थोरली इरा’ आणि ‘सवाई इरा’ म्हणावे. त्या दोघींत नाते आणि चुरस दोन्ही लगेच उभी राहतात.

नाव उच्चारू नये असा दंडक असलेली जमात अद्भुतकथांत वारंवार येते. त्यासाठी परक्या पुराणांकडे जाण्याची गरज नाही, कारण पतीचे नाव एरवी न घेणारी आणि उखाण्यातच घेणारी पत्नी आपल्या घराघरांत होती. कल्पित नावाची परीक्षा उखाण्यात घालून घ्यावी: ‘घुमटाच्या काचेवर धुळीची आली लाट, आरवरावांचं नाव घेते, सोडा आता वाट.’ जे नाव अशा ओळीत ठेचकाळते ते संवादातही ठेचकाळणार, असे गृहीत धरायला हरकत नाही.

शेवटी एक नोंदवही करावी. प्रत्येक पात्रासाठी एक ओळ आणि तिच्यात कागदोपत्री नाव, घरचे नाव, नाव कोणी व कशावरून दिले, ‘ने’ आणि ‘ला’ लावल्यावरचे रूप, आणि आद्याक्षर. दोन मुख्य पात्रांचे आद्याक्षर आणि अक्षरसंख्या सारखी आली तर एक बदलावे. सख्खी भावंडे असतील तर सारखेपणा राहू द्यावा, कारण खऱ्या घरांत तो असतो. त्यानंतर प्रत्येक नाव महाजालावर शोधून पाहावे, म्हणजे ते एखाद्या हयात व्यक्तीचे, औषधाचे किंवा शेजारच्या भाषेतील अपशब्दाचे नाव तर नाही ना, हे कळते. एखाद्या पात्राच्या ओळीत ‘नाव कोणी दिले’ हा रकाना भरता येत नसेल तर घाईने काहीतरी लिहू नये. त्या जागी तूर्त ‘क्ष’ ठेवून प्रकरण पुढे लिहावे, आणि त्या पात्राचे घर कोणते हे लेखकाला कळेल तेव्हा रकाना भरावा.